झेरॉक्समध्ये आलेला हात

झेरॉक्सच्या काचेवर आईनं बाबांचं जुनं पत्र ठेवलं आणि खालच्या अर्ध्या मजकुरावर आपला तळहात दाबून धरला.

बाबा फौजेत होते. दोन हिवाळे त्यांनी बर्फातल्या चौकीवर काढले. पण त्यांच्या रेकॉर्डमध्ये ती नोंदच नव्हती, त्यामुळे त्याचं पदकही नव्हतं. बाबा कधी मागायला गेले नाहीत. ते वारल्यावर आईनं सैनिक कार्यालयाच्या खेपा सुरू केल्या. “कागदावर ते तेव्हा खाली छावणीत होते म्हणे,” ती चिडून म्हणायची, “मग मला बर्फातून पत्रं कोण लिहीत होतं?” शेवटी तिथल्या साहेबांनी पुराव्यासाठी त्या वेळचं पत्र मागितलं.

“आजी, हात काढा, कॉपीत येतोय,” दुकानदार म्हणाला.

“येऊ दे. त्यांना वरचं बर्फाचं तेवढं पाहिजे. खालचं माझं आहे.”

मी शेजारीच उभी होते. त्या हाताखाली काय लिहिलं होतं, ते मी तिला आजवर विचारलेलं नाही. माणूस कुठं होता, हे कागद जोडून सिद्ध करता येतं. तो नव्हता तेव्हा घर कसं होतं, ते कुठल्या रकान्यात भरायचं?

पुढं नोंद दुरुस्त झाली, पदकही आलं. मला मात्र आठवते ती झेरॉक्स लावलेली कार्यालयातली फाइल. कुठल्याशा कपाटात, बाबांच्या अक्षरांवर आईचा हात अजून तसाच ठेवलेला असेल.