एक्स-रे फिल्मवरचे बारा चेहरे

एकोणतीस वर्षं ऑर्फा स्टिडम एकच वाक्य म्हणत आली होती, "ते डॉक्टर सांगतील."

अमेरिकेत, पूर्व केंटकीतल्या डोंगराळ गावातला तो दवाखाना छोटाच होता, आणि एक्स-रेची खोली त्याहून छोटी. कोळशाच्या खाणीतली माणसं यायची, शर्ट काढायची, छाती थंड फळीला टेकवायची. ऑर्फा आडोशाला जाऊन म्हणायची, "खोल श्वास घ्या. रोखा. सोडा." मग फिल्म यंत्रातून बाहेर यायची आणि ती उजेडाच्या पेटीवर लावली की सगळं दिसायचं. काळ्या फुप्फुसांत पांढरे ठिपके. पुढच्या वर्षी त्याच माणसाच्या छातीत ठिपक्यांचे गठ्ठे. शर्टाची बटणं लावता लावता माणूस विचारायचा, "काय दिसतंय, मिस ऑर्फा?" तिला सगळं कळत असायचं. पण तिचं काम फिल्म काढण्याचं होतं, वाचण्याचं नव्हे.

तिचा धाकटा भाऊ हर्शेल एकतीस वर्षं खाणीत होता. त्याची फिल्मही तिनेच काढली. दोन्ही फुप्फुसांत वरच्या बाजूला मुठीएवढे पांढरे गोळे होते. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी स्पष्ट लिहिलं, कोळशाच्या धुळीचा रोग. भरपाईचा अर्ज गेला. खाणीच्या कंपनीने तीच फिल्म लुईव्हिल शहरातल्या आपल्या तज्ज्ञाकडे, डॉक्टर लॅटिमोर यांच्याकडे पाठवली. त्यांचं उत्तर चार ओळींचं होतं: जुन्या न्यूमोनियाचे व्रण, आणि बहुधा धूम्रपान.

हर्शेलने जन्मात सिगरेट ओढली नव्हती. अर्ज फेटाळला गेला. त्याच खाणीतल्या आणखी अकरा जणांना तशीच उत्तरं आली, जवळजवळ त्याच शब्दांत.

ऑर्फाचा संताप आरडाओरड्याचा नव्हता. ती भांडी जोरात ठेवायची, चर्चमध्ये गाण्याच्या वेळी तोंड मिटून उभी राहायची. भावजय म्हणाली, "अगं, देवावर तरी रागावू नकोस." ती म्हणाली, "देवाने कुठे सही केलीय त्या कागदावर?"

मग दवाखान्यात कॉम्प्युटरवरचा एक्स-रे आला. उरलेल्या कोऱ्या फिल्मची खोकी मागच्या दाराशी कचऱ्यात टाकायला काढली. ऑर्फाने विचारून चौदा खोकी गाडीत घातली. शाळेत मुलांचे फोटो काढणाऱ्या एका म्हाताऱ्याचा जुना लाकडी कॅमेरा तिच्या माळ्यावर पडून होता. पेटीएवढा, काळ्या कापडाखाली डोकं घालून बघायचा. आठ बाय दहा इंचाची एक्स-रे फिल्म त्यात अगदी बरोब्बर बसली.

पहिल्या काही फिल्म फुकट गेल्या. या फिल्मला दोन्ही बाजूंनी लेप असतो, नखाने सुद्धा ओरखडा उठतो. तिने न्हाणीघरात लाल दिवा लावला, ट्रेच्या तळाशी काच ठेवली, आणि एकेक फिल्म तान्ह्या बाळाला अंघोळ घालावी तशी धुवायला शिकली. या फिल्मला लाल रंग दिसत नाही. त्यामुळे लालसर गाल, ओठ, नाकावरच्या फुटक्या शिरा, सगळं काळं उमटतं. साध्या फोटोत तांबूस, तजेलदार दिसणारा माणूस इथे नांगरलेल्या जमिनीसारखा दिसायचा.

हर्शेलने आपला फोटो बघितला. "ऑर्फी, मेल्यावर सुद्धा मी याच्यापेक्षा बरा दिसेन."

"तू छान दिसावास म्हणून नाही काढलेला."

तिने बाराही जणांचे फोटो काढले, त्यांच्या त्यांच्या घराच्या पडवीत बसवून. सावलीत एक सेकंद तरी भिंग उघडं ठेवावं लागायचं आणि तेवढा वेळ माणसाने स्थिर बसायला हवं. चेहरे स्थिर राहायचे. छाती राहायची नाही. बाराच्या बारा फोटोंत डोळे सुईसारखे रेखीव आणि शर्ट धूसर.

गावात दरवर्षी कोळसा महोत्सव भरायचा. त्याचा व्यवस्थापक वेंडेल रॅटलिफ तसा गोड बोलणारा माणूस. फोटो बघून तो भारावला आणि न्यायालयाच्या दालनात ते लावायचं ठरलं. ऑर्फाने प्रत्येक फोटोखाली एक कार्ड लावलं: नाव, खाणीतली वर्षं, दवाखान्याने काय लिहिलं, लुईव्हिलने काय लिहिलं, अर्ज कुठल्या तारखेला फेटाळला.

उद्घाटनाच्या सकाळी ती पोचली तेव्हा कार्डं गायब होती. त्या जागी सोनेरी कडेचे छापील कागद होते: 'देशाला उजेड देणारे हात.'

"हात कुठे दिसतायत यात, वेंडेल?" तिने विचारलं.

"मिस ऑर्फा, समजून घ्या. महोत्सव कंपनीच्या पैशावर होतो. आणि आज पाहुणे येतायत. फोटो अप्रतिम आहेत, ते स्वतःच बोलतात."

"ते बोलत असते तर मला कार्डं लिहावी लागली नसती."

पाहुणे म्हणजे कंपनीचे दोन साहेब आणि त्यांच्याबरोबर, आता निवृत्त झालेले, डॉक्टर लॅटिमोर. ऑर्फाने त्यांना कधी पाहिलं नव्हतं, सही तेवढी पाहिली होती. पांढऱ्या केसांचा, सभ्य, हसतमुख म्हातारा. हातात सरबताचा पेला घेऊन ते हर्शेलच्या फोटोपाशी थांबले. हर्शेल तिथेच खुर्चीवर बसला होता, नाकात नळी, शेजारी ऑक्सिजनचं नळकांडं.

"काय चेहरा आहे," डॉक्टर म्हणाले. "फक्त शर्ट जरा हललाय."

"तो शर्ट नाही," ऑर्फा म्हणाली. "ओळखलंत यांना?"

"नाही. आमची भेट नाही झाली कधी."

"चेहऱ्याने नाही ओळखणार तुम्ही." तिने पिशवीतून हर्शेलच्या छातीच्या फिल्मची त्याची स्वतःची प्रत काढली आणि खिडकीच्या काचेवर धरली. ऊन आरपार आलं. दोन पांढरे गोळे पूर्ण दालनाला दिसले. "वाचा. एकदा वाचलंय तुम्ही, चार ओळींत. आता ते समोर बसलेत, तर परत वाचा."

डॉक्टरांनी साहेबांकडे बघितलं. हर्शेलच्या नळीचा आवाज येत होता.

"बाई, त्या वेळी उपलब्ध असलेल्या पुराव्यावरून..."

"पुरावा मी काढलाय. तीच फिल्म कंपनीने तुम्हाला पाठवली. तुम्ही नाही वाचत तर मी वाचते." आणि तिने वाचलं. बोट ठेवून, बरगडीमागून बरगडी, सपाट आवाजात. उजवीकडे किती, डावीकडे किती, न्यूमोनियाचा व्रण असा का दिसत नाही. मग दुसऱ्या फोटोपाशी गेली आणि मूळ कार्डावरचं तोंडपाठ म्हणाली. मग तिसऱ्या. सहाव्यापर्यंत पोचली तेव्हा डॉक्टरांनी पेला खिडकीत ठेवला होता आणि ते निघून गेले होते.

वेंडेल घामाघूम झाला होता. "मिस ऑर्फा, आता तुम्ही गेलेलं बरं."

"जाते. पण माझी माणसं घेऊन जाते."

ती फोटो उतरवू लागली. ज्यांना उभं राहता येत होतं ते उठले आणि ज्याने त्याने आपापला चेहरा काखेत मारला. पायऱ्या उतरताना तिघांना मध्ये बसावं लागलं.

फोटो चर्चच्या तळघरात लागले, कार्डांसकट. तिथे ते युनियनच्या वकीलबाईंनी पाहिले. बाई चिवट निघाल्या. फिल्म तीन वेगळ्या डॉक्टरांकडे गेल्या, सुनावण्या झाल्या, पुढे ढकलल्या गेल्या, पुन्हा झाल्या. दीड वर्षाने बारांपैकी पाच जणांचे अर्ज मंजूर झाले. दोघे तोवर गेले होते. बाकीचे अजून रांगेत. डॉक्टर लॅटिमोरना कोणी काही विचारलं नाही.

मंजुरीचं पत्र ऑर्फाने हर्शेलच्या स्वयंपाकघरात वाचून दाखवलं. भावजय रडली. हर्शेल घेवड्याची उसळ मक्याच्या पावाशी खात होता. प्रत्येक घासानंतर त्याला चमचा खाली ठेवून श्वास घ्यावा लागत होता.

ऑर्फाला वाटलं होतं, हे पत्र आलं की आतलं काहीतरी निवेल. तसं काही झालं नाही. तिने पत्राची घडी घातली ती इतकी दाबून, की कागद मोडीवर फाटला.

"जिंकलो ना गं," हर्शेल म्हणाला. "बस आता. जेव."

"पाच जण जिंकलात."

बाहेर गाडीचं दार वाजलं. एस्टिल गेहार्ट आला होता, खालच्या खोऱ्यातला, वय जेमतेम एकेचाळीस. त्याला तिनेच बोलावलं होतं. अंगणातून पडवीपर्यंत येताना तो दोनदा थांबला.

ऑर्फा कॅमेरा घेऊन बाहेर गेली आणि त्याच्यासाठी खुर्ची सावलीत ओढली.

"मला कुणी काही नीट सांगतच नाही," एस्टिल म्हणाला. त्याच्या हातात छातीच्या एक्स-रे फिल्मचं पाकीट होतं.

"आण इकडे," ती म्हणाली, आणि कॅमेऱ्याला हात लावायच्या आधी ते पाकीट उघडून फिल्म उजेडाकडे धरली.