नसलेल्या पट्ट्यांची चोरी

चोरीच्या फिर्यादी मी नोकरीत इतक्या लिहून घेतल्या की बहुतेकांचे चेहरे आता एकमेकांत मिसळून गेले आहेत. नाशिकमधली एक घटना मात्र आजही जशीच्या तशी आठवते, कारण तिच्यात चोरीला गेलेली वस्तू मुळात नव्हतीच.

ऐंशीच्या दशकाची सुरुवात होती. शहराबाहेर औद्योगिक वसाहत वाढत होती, इंदिरानगरकडे नवी घरे उभी राहत होती, आणि नव्या कचेऱ्यांच्या खिडक्यांना ॲल्युमिनियमच्या आडव्या पट्ट्यांचे पडदे लावण्याची टूम निघाली होती. दोरी ओढली की पट्ट्या कलतात आणि ऊन बाहेर राहते. असे पडदे जोडणाऱ्या एका कारखान्याचे मालक दसऱ्यानंतर ठाण्यात आले. परदेशातून मागवलेल्या कोऱ्या पट्ट्यांच्या गुंडाळ्या गोदामातून गेल्या, कुलूप शाबूत आहे आणि किल्ली स्टोअरकीपरकडे असते, अशी त्यांची फिर्याद. ठाणे अंमलदाराने ती नोंदवली आणि मी स्टोअरकीपरला अटक केली.

चाळिशीचा, विंचूरकडचा माणूस. न्यायालयाने पोलीस कोठडी दिली. मी त्याला समोर बसवून विचारले, "किल्ली कोणाकडे होती?"

"माझ्याकडंच, साहेब."

"माल कुठे आहे?"

"त्याचं मी काय सांगू?"

पुन्हापुन्हा विचारले तरी उत्तर हेच. माझा अनुभव असा, की खोटे बोलणारा माणूस गरजेपेक्षा जास्त बोलतो. विचारले एक तर सांगतो चार, आणि वर देवाची शपथ घेतो. हा गडी शपथही घेत नव्हता आणि गुन्हाही कबूल करत नव्हता. मला त्याचा रागच आला.

दुपारी त्याची बायको डबा घेऊन आली. रडेल असे वाटले होते, पण ती भांडायलाच उभी राहिली. "साहेब, माझा माणूस चोर नाय. एवढाल्या पट्ट्या काय त्यानं धोतराच्या सोग्यात बांधून नेल्या? नेल्या तर घरात एक तरी दिसली असती का नाय? या, घर उचकटून बघा. आमच्या पोरीला शाळंत आत्ताच चोराची पोर म्हनाया लागलेत." आम्ही घर आधीच उचकटले होते. काही मिळाले नव्हते.

त्याच संध्याकाळी ठाण्यात फोन आला. नाव न सांगता कोणीतरी म्हणाले, "साहेब, जे आलंच नव्हतं ते चोरीला कसं जाईल? कस्टमवाल्यांना विचारा." आणि फोन बंद.

विचारले. दुसऱ्या दिवशी कस्टमचे एक अधिकारी आले, किरकोळ अंगाचे, कोरडे बोलणारे. त्यांनी पिशवीतून एक पट्टी काढून टेबलावर ठेवली. मापात कापलेली, रंगवलेली, दोरी ओवायला भोके पाडलेली. ते म्हणाले, "पट्टी कोरी आली तर ती नुसता धातू, शुल्क कमी. अशी तयार आली तर ती पडद्याचा भाग, शुल्क बरंच जास्त. यांच्या कागदावर नेहमी कोरी पट्टी असते. आम्हाला संशय आहे की माल असा तयारच येतो. तपासणीला येतो म्हणून दसऱ्याआधी नोटीस दिली होती. कोरा माल दाखवा आणि भोकं कुठं पाडता ते दाखवा, एवढंच मागितलं होतं."

मला हसू आले. "एका भोकासाठी एवढा खटाटोप?"

"तुमच्याकडे नाही का? स्वयंपाकघरात असते तेव्हा सुरी, कोणाच्या पोटात गेली की हत्यार. कलम बदलतं ना?"

मी ती पट्टी हातात घेऊन हिशेब मांडू लागलो. कोरा माल दाखवायचा तर तो असायला हवा. नसला तर चोरीला गेला म्हणणे सोपे, आणि चोर म्हणून किल्लीवाला तयारच होता. पण हा झाला तर्क. न्यायालयात नुसता तर्क टिकत नाही.

आम्ही पंच घेऊन कारखान्यात गेलो. मालकांनी अदबीने सगळे दाखवले. एका कोपऱ्यात भोके पाडायचे प्रेस मशीन होते. मालक म्हणाले, "इथंच भोकं पाडतो. दोन वर्षं झाली, रोज चालतं." कस्टमच्या साहेबांनी मशीन नीट तपासले. जुने होते, तेलपाणी केलेले होते, चालूही होते. ते माझ्याकडे पाहून हताशपणे मान हलवू लागले.

मी बाहेर आमच्या जीपकडे पाहत होतो. दसऱ्याला ठाण्यात शस्त्रपूजा झाली तेव्हा बॉनेटला बांधलेली झेंडूची माळ सुकून तशीच लोंबत होती. वळून कारखान्यात पाहिले. कापायच्या मशीनला सुकलेली माळ, ड्रिलला माळ, वजनकाट्यावर हळदीकुंकू, हातगाडीच्या दांड्यावरही कुंकवाची बोटे.

मी सहज विचारले, "शेठ, यंदा पूजा कोणी केली?"

"आम्हीच, सहकुटुंब." मालक खुलले. "एक वस्तू सोडत नाही आम्ही. झाडूलासुद्धा कुंकू लावतो."

"मग या मशीनने काय पाप केलं?"

मालकांनी प्रेसकडे पाहिले. तिच्यावर ना माळ होती ना कुंकवाचा ठिपका. "राहून गेलं असेल," ते पुटपुटले. मागे उभ्या कामगारांपैकी एक म्हातारा खाली पाहत म्हणाला, "राह्यलं नाय साहेब. दसरा झाल्यावर आलीय ती, कुनाची तरी जुनी. पूजा झाल्याबिगर नव्या मशीनला आमी हात लावत नाय, म्हनून अजून एक भोक पाडलं नाय तिनं."

कस्टमला दाखवण्यापुरत्या गुपचूप आणलेल्या मशीनची पूजा तरी कशी करणार? नारळ फोडला असता तर प्रसाद सगळ्यांना वाटावा लागला असता. मालकांचा कबुलीजबाब यायला मग फारसा वेळ लागला नाही.

ठाण्यात येऊन मी स्टोअरकीपरला म्हणालो, "तुम्हाला सगळं ठाऊक होतं. तोंडाला कुलूप का?"

तो पहिल्यांदा मोकळेपणी बोलला. "साहेब, त्या कारखान्यात निम्मी माणसं मी गावाकडनं आणून लावलीत. मी चोर ठरलो तर माझं एक घर जातं. कारखान्याला टाळं लागलं तर किती चुली विझतील? वाटलं, तुम्ही शोधून काढाल तर काढाल. माझ्या तोंडानं नको."

त्याचे म्हणणे कायद्यात बसत नव्हते. न्यायालयात आम्ही 'ब' समरी पाठवली, म्हणजे फिर्यादच खोटी. मालकावर दोन्ही खात्यांची कारवाई झाली. स्टोअरकीपरची भीतीही खरी ठरली, कारखाना बंद पडला आणि काही कामगार विंचूरच्या कांदाबाजारात हमालीला लागले. लोकही असे की अटक झाली ते गावभर सांगतात, सुटला ते कोणी सांगत नाही. पट्टी ही धातू की पडदा हे ठरवायला सरकारकडे जाडजूड पुस्तक होते, तारखा होत्या, अपील होते. माणूस चोर की साव हे मात्र मी एका किल्लीवरून ठरवून मोकळा झालो होतो. पुढे नोकरीत कोणाच्याही हातात बेडी घालताना मला ती भोके पाडलेली पट्टी आठवत असे.

सुटल्यावर किल्ल्या रीतसर सोपवायला स्टोअरकीपर आमच्याबरोबर कारखान्यात आला. बायको फाटकाशी थांबली होती. पंचनाम्यावर सह्या झाल्या, कस्टमचे साहेब प्रेसला सील लावायला निघाले, तेवढ्यात तो म्हणाला, "जरा थांबता का, साहेब?"

भिंतीवरच्या देवाच्या तसबिरीखाली कुंकवाची डबी होती. त्याने बोट बुडवले आणि प्रेसच्या कपाळपट्टीवर ठिपका लावला.

"पुराव्याला हात लावू नका!" कस्टमचे साहेब ओरडले.

"पंचनामा झालाय," मी म्हणालो. "लावू द्या."

त्याने मशीनला हात जोडले आणि माझ्याकडे वळून म्हणाला, "तिला दुसऱ्यानं आणून उभी केली, साहेब. तिचा काय दोष?"