मेहुण्याचा अभ्यास

व्यायामाबद्दल माझ्या मेहुण्याला जे ठाऊक नाही, ते अख्ख्या वेल्हे तालुक्यात कुणालाच ठाऊक नाही. आणि त्यातला एकही व्यायाम त्यानं कधी केलेला नाही. मार्गासनीला सासुरवाडीत पाऊल टाकलं, की हा मोबाईल घेऊन मला चिकटलाच. त्यातला एक पैलवान सांगतो श्वास धरा, दुसरा सांगतो सोडा. खरं कोण, हे ठरेपर्यंत हा बसूनच. परवा भाताचं पोतं आत न्यायचं होतं. मी हात घातला तर, "दाजी, थांबा! आदी कणा सरळ पायजे," म्हणून त्यानं मला ओळीनं व्हिडिओ दाखवले. तोवर माझ्या बायकोनं ते पोतं कमरेवर घेऊन आत ठेवलंसुद्धा. अंडं उकडून खावं की कच्चं, यावर तर त्यानं माझी कितीतरी जेवणं नासवलीत. डोकं उठतं हो माझं!

या सगळ्याचं मूळ म्हणजे मारुतीच्या देवळापुढची, ताकद आजमावायची भली मोठी गोल दगडी गोटी. माझे सासरे, आबा, तरुणपणी रानातून येता-जाता ती सहज खांद्यावर घेत. कशी उचलायची विचारलं, तर म्हणत, "कशी म्हंजे? वाकायचं आन् उचलायची." आपल्या लेकानं ती एकदा तरी उचललेली बघावी, एवढीच हौस म्हाताऱ्याला उरली होती. आणि हा शहाणा दर जत्रेला म्हणायचा, "औंदा न्हाई, आबा. आजून अभ्यास चाललाय."

यंदा आबांचे पाय गेले. जत्रेला त्यांना टेम्पोतून आणलं, पण टेम्पो देवळाच्या पायऱ्यांपाशीच थांबला. मी खुर्ची शोधायला पळालो. वळून बघतो तर मेहुण्यानं आबांना दोन्ही हातांवर उचललं होतं आणि पायऱ्या चढून ओट्यावर बसवलंही होतं. मग तो गोटीकडे वळला आणि सवयीनं त्यानं खिशातून मोबाईल काढला.

"मला उचलताना कुठं बगितलंस रं त्यात?" आबा म्हणाले.

त्यानं स्क्रीन बंद केली. मोबाईल माझ्या हातात कोंबून तो वाकला. गोटी गुडघ्याच्या वर आली, छातीला टेकली आणि धपकन खाली पडली. लोक हसले. आबांचे डोळे मात्र भरून आले होते.

"फुडल्या वर्षी खांद्यावर घेतो, आबा."

"तवर मी असतोय व्हय?"

मेहुणा ओट्याकडे गेला. त्यानं आबांना पुन्हा उचललं आणि टेम्पोकडे न जाता तो तसाच घराच्या वाटेनं चालू लागला.

"अरे, तुझा मोबाईल!" मी ओरडलो. त्यानं मागं वळूनसुद्धा पाहिलं नाही.