शहाजी ऑइलमन आकाशपाळण्यात बसतो

करकंबच्या शहाजी ऑइलमनला माणसांपेक्षा बेअरिंगांचं बोलणं जास्त कळायचं. साखर कारखान्यात सव्वीस हंगाम त्यानं एकच केलं. मिलच्या बेअरिंगला सळई टेकवायची, दुसरं टोक कानाला लावायचं आणि ऐकायचं. 'गुंऽऽ' आलं तर बरं. 'खर्रर्र' आलं तर ग्रीस. 'कुर्र-टक' आलं की पळा, मिल थांबवा. घरी बायको राजाबाई काही सांगायला लागली तरी याचा एक कान पंख्याकडं.

सोलापूरची गड्ड्याची जत्रा भरते संक्रांतीला आणि कारखाना ऐन भरात येतो तोही तेव्हाच. त्यामुळं राजाबाईला दर साली एकच उत्तर, "पुढल्या वर्षी जाऊ की." यंदा मात्र सणाला ऊसतोड टोळ्या काम सोडून बसल्या, यार्डात ऊस उरला नाही आणि मिल थांबली. राजाबाईनं नातीला, आरोहीला, नवा फ्रॉक घातला आणि म्हणाली, "चला. आता कुटली मिल आडवी येतीया बघू."

दिवस कलताना तिघं आकाशपाळण्याच्या पेटीत बसले. पहिला फेरा बरा गेला. दुसऱ्याला पेटी वर पोचली आणि शहाजीच्या कानात शिरलं, कुर्र-टक.



"आरोही, हलू नको."

"मी कुटं हलले, आबा?"

कुर्र-टक. बारा वर्षांमागं असाच आवाज त्यानं मिलमध्ये ऐकला होता. पळत जाऊन सांगेपर्यंत शाफ्ट तुटला. तेव्हा जवळ माणूस नव्हतं. इथं नात होती.

"आवं, भ्या वाटतंय व्हय?" राजाबाई हसत होती.

"तुला ऐकू येत न्हाय?"

"मला खालचं गाणं ऐकू येतंय."

पेटी खाली येताच तो ओरडला, "थांबव, बेअरिंग गेलंय."

"कायकू डरते चाचा, अब्बी तो चालू हुआ," म्हणत पाळणेवाल्यानं वेग वाढवला. मागच्या पेटीतली कॉलेजची टोळी "बेअरिंग गेलं, बेअरिंग गेलं" करत शिट्ट्या मारायला लागली.

पेटी पुन्हा वर. शहाजीनं एका हातानं नात धरली, दुसऱ्यानं बायको. एवढं घट्ट त्यानं तिला लग्नातसुद्धा धरलं नव्हतं. एक दिवस मौज करायला आलो आणि पोरगी घालवली, लेकाला काय तोंड दाखवू?

पुढच्या फेऱ्याला पेटी खाली येतीय तोवर त्यानं एक पायच बाहेर टाकला. पाळणेवाल्यानं घाबरून मशीन बंद केलं आणि मग शिव्या दिल्या. शहाजीनं त्या ऐकल्याच नाहीत. त्यानं मशीनजवळचा लांब पाना उचलला, पाळण्याच्या खांबाला टेकवून कानाला लावला.

"घुमव. सावकाश."

"ये क्या पाळणे का डॉक्टर है क्या?" पाळणेवाला पुटपुटला, पण त्यानं घुमवलं.

गुंऽऽ. एका बाजूला गुंऽऽ, दुसऱ्या बाजूला गुंऽऽ. बेअरिंग ठणठणीत होतं.

तो परत पेटीपाशी आला. राजाबाई आणि आरोही उतरल्याच नव्हत्या. पेटी झुलली, दाराची कडी वाजली, कुर्र-टक. राजाबाईनं कडीवर हात दाबला. आवाज बंद.

"ही व्हय तुमची मिल?"

शहाजीनं कडी हलवून बघितली.

"बसा आता. मी काय उतरत न्हाय. सव्वीस वर्साचं फेरं ऱ्हायल्यात माजं."

तो बसला. पेटी वर निघाली. आता ऐकायला काही नव्हतं, राखायला काही नव्हतं, तरी भीती तशीच. पेटी टोकाला पोचून क्षणभर लटकली आणि खाली सुटली, तेव्हा त्याच्या तोंडातून "आईऽऽऽ गं" निघालं. आरोही खिदळली. मागची टोळीही अगदी अशीच बोंबलत होती, तीही तिकीट काढून. राजाबाई नवऱ्याकडं बघतच राहिली. इतक्या वर्षांत या माणसानं घरात कधी आवाज काढलेला तिला आठवत नव्हता.

पाळणा थांबला. "बस क्या, चाचा?"

शहाजीच्या हातातला पेटीचा दांडा काही सुटला नाही. "आजून एक," तो म्हणाला आणि त्यानं आतापासूनच डोळे मिटून घेतले.