थेट लाइनची फी

शेअर ब्रोकरच्या ऑफिसात किस्से कुणी मुद्दाम साठवत नाही. ते न विकलेल्या शेअर्ससारखे पडून राहतात. आम्हाला मुंबईच्या एक्स्चेंजशी जोडणाऱ्या थेट लाइनची फी पुन्हा वाढली, तेव्हा तर आठवड्यात ढीग झाला! लाइन बंद झाली तर तिच्यावर बसणारी मी कशाला हवी? लेकीला पाळणाघरात घालून नुकतीच रुजू झालेली मी हा प्रश्न कुणी विचारायच्या आतच स्वतःला विचारून घेतला.

*

फीवाढीचं पत्र मीच मालकांना, म्हणजे आप्पांना, वाचून दाखवलं.

"सौदा किती लवकर पोचतोय गं?"

"पापणी लवायच्या आत, आप्पा."

समोर गगनबावड्याचे गुरुजी सकाळपासून बसलेले. दहा शेअर घ्यावेत की नाही, याचा विचार चालू! मी हळूच म्हटलं, "गुरुजी, बाजार साडेतीनला बंद होतो."

"हुंदे की. माझी गाडी पाचला हाय!"

*

आप्पांनी एक्स्चेंजला फोन लावला. तिकडच्या मुलीनं शांतपणे समजावलं, की मोठ्या कंपन्या जास्त भाडं भरून आपली मशिनं एक्स्चेंजच्या शेजारी ठेवतात, पण सगळ्यांना वायर सारख्याच लांबीची मिळते. जवळच्याची गुंडाळून ठेवतात.

"म्हंजे जवळ बसायचं भाडं घ्यायचं, आणि वायर लांबची द्यायची व्हय?"

घरी नवऱ्याला मी हे समजावलं. त्याला पटलं. मला अजून नाही.

*

एकदा लाइन फारच रेंगाळायला लागली. इंजिनिअरनं लाइनच्या मशिनचा डबा उघडला, तर आतल्या पंख्यात अक्षता!

"खंडेनवमीला पूजा कुणी केली?"

"मी," मी म्हटलं.

"ताई, देवाला पोचली. सौदं तेवढं ऱ्हायलं!"

*

शुक्रवारी आप्पांनी निकालच लावायचा ठरवला. मी लाइनवर, आमचे डीलर संभाजीदादा मोबाईलवर. आप्पांनी तीन म्हटलं, की दोघांनी एकेक शेअर घ्यायचा. लाइन हरली तर बंद.

पहिल्यांदा दादा जिंकले. दुसऱ्यांदाही.

"बघा आप्पा! फुकटचा मोबाईल पुढं!"

आप्पांनी चष्मा पुसला. माझ्याकडं बघितलं.

"संभाजी, मोबाईल खिशात ठेव."

"ठेवला."

"बटण लाव खिशाला."

दादांनी बटण लावलं.

"हां, आता बघू. एक... दोन... तीन!"

मी एन्टर दाबलं.

"लाइन जिंकली," आप्पा म्हणाले. "फीच्या पत्रावर सही कुठं करायची?"