पूल असलेली चित्रं निवडा

माझा मामा पियानोचे सूर लावतो. त्याला जन्मापासून दिसत नाही. त्याबद्दल कुणी हळहळलं, की तो त्याला आधी चहा पाजतो आणि मग यथेच्छ पिडतो.

सूर मोजायला मामा एक फुकटचा प्रोग्राम वापरतो. त्यात काही बिघडलं की जगभरातले लोक एका मेलिंग लिस्टवर लिहितात. एकाने लिहायचं, सगळ्यांना पोचायचं. कुणाचा प्रोग्राम थंडीत खालचे सूर चुकवतो, कुणाचा मधेच झोपी जातो. रोज सकाळी खिडकीपाशी बसून मामा ते ऐकतो. कॉम्प्युटर सगळं एकाच संथ आवाजात वाचतो, त्यामुळे कुठल्याशा बर्फाळ देशातला माणूस आणि कुठल्याशा समुद्रकाठची बाई मामाच्या खोलीत एकाच गळ्याने बोलतात. त्याची बोटं मांडीवर हलत असतात. हाक मारली तर कुठून तरी लांबून ‘हं’ येतं.

परवा लिस्टवर सूचना आली: शुक्रवारी लिस्ट बंद. पुढे तक्रारी वेबसाइटवरच्या ट्रॅकरवर नोंदवा. प्रत्येक तक्रारीला नंबर मिळेल, काही हरवणार नाही. मला तर ते पटलंच. मामाही हौसेने खातं उघडायला बसला. नाव झालं, पासवर्ड झाला, आणि शेवटी पान म्हणालं, तुम्ही माणूस आहात हे सिद्ध करा, पूल असलेली चित्रं निवडा.

“चित्रांत काय आहे ते वाच की रे,” मामा कॉम्प्युटरला म्हणाला.

कॉम्प्युटरने वाचलं, “चित्र. चित्र. चित्र.”

मी तळाची टीप वाचली. खातं उघडताना अडचण आल्यास ती ट्रॅकरवर नोंदवावी. माझं डोकंच फिरलं. अकलेचे कांदे नुसते!

“सरक, मी निवडते,” मी म्हटलं.

“नको. तू निवडलंस की त्यांना वाटेल, मी माझा मीच आलो आत.” मग त्याने खिडकीकडे तोंड वळवलं. “सकाळी मी काय ऐकू गं आता?”

मी खुर्ची त्याच्याजवळ ओढली.

लिस्ट अजून चालू होती. मामाने तिथेच लिहिलं, तक्रार लिहायच्या नेहमीच्या रीतीने. काय केलं: खातं उघडलं. काय व्हायला हवं होतं: आत जाता यायला हवं होतं. काय झालं: चित्रं निवडायला सांगितली. मला दिसत नाही, हे मी इथे पहिल्यांदाच सांगतोय.

दुसऱ्या सकाळी प्रोग्राम सांभाळणाऱ्या बाईंचं उत्तर आलं. चुकलंच आमचं, चित्रं काढून टाकतो, आणि ट्रॅकर यापुढे मेलनेही तक्रारी घेईल, सगळ्यांना मेलनेच कळवेल. मी टाळ्या पिटल्या. मामाने हात वर करून मला थांबवलं, कारण कॉम्प्युटर पुढचा मेल वाचत होता. बर्फातल्या माणसाचा.

“मीही चित्रांपाशीच अडकलो. मलाही दिसत नाही.”

मग समुद्रकाठच्या बाईंचा मेल. तोही तसाच.

“म्हणजे इतकी वर्षं तेही मला असंच ऐकत होते,” मामा म्हणाला, आणि त्याला रडू फुटलं.