पंगतीतली जागा

आपलं बोलणं अर्धवट असतानाच ताईंचं बोट वर जायचं. "थांब. आधी चावी कुठली ते सांग." चावी म्हणजे प्रोग्राममधली 'की'. जिच्यावरून माहिती ठेवायची आणि शोधायची, ती.

तुमच्याही ऑफिसात असेल असं एखादं माणूस: वयानं सगळ्यांत मोठं, हुद्द्यानं कोणीच नाही. महापेच्या आमच्या ऑफिसात ताई कंत्राटावर होत्या.

मी आमच्या घरातला पहिला पदवीधर. वडील रबाळ्याच्या कारखान्यात लोडिंगला. पहिल्याच दिवशी मी हे छाती काढून सांगितलं. ताई म्हणाल्या, "मस्त. आता ट्रीमॅप सांग."

मी पाठ केलेली व्याख्या म्हटली: माहिती चावीच्या क्रमानं लावून ठेवणारी रचना.

"ही पुस्तकाची झाली. तुझी कुठाय? अरे, साधा हॅशमॅप क्रम ठेवत नाही. त्याला नाव सांग, माणूस लगेच आणून देतो. पण 'याच्या पुढचा कोण?' विचार, बसला तोंड बघत. ट्रीमॅप म्हणजे पंगत. कितीही उशिरा ये, ज्याची जागा त्यालाच."

सीवूड्सच्या एका दवाखान्याचे पेशंट आम्ही या पंगतीत बसवले, वेळेच्या क्रमानं. क्रमाचा नियम ताईंनी लिहिला, बाकी कोड मी. डॉक्टरांना प्रोग्राम दाखवताना एकाच वेळेचे दोन पेशंट टाकले आणि एक गायब! डॉक्टर गेल्यावर मॅनेजर माझ्याकडे वळले. "नवीन पोरगा ना? याला पर्मनंट करायचं का, बघायलाच लागेल."

घरी तर पेढ्यांची भाषा चालू होती.

ताईंचं बोट वर. "थांबा सर. नियम माझा आहे. मी फक्त वेळ बघितली. वेळ सारखी म्हणजे माणूसही तोच, असं धरून ट्रीमॅपनं पहिल्याला उठवलं."

"मॅडम, तुमचं कंत्राट याच महिन्यात संपतंय."

"म्हणून चूक याच्या नावावर टाकू?"

मग माझ्याकडे बघून, "काय रे हिरो, वेळ सारखी असली तर पुढे काय बघायचं?"

"नोंदणी क्रमांक."

"मग टाईप कर की. मुहूर्त काढतोयस?"

दोन्ही पेशंट दिसायला लागले. मी पर्मनंट झालो. ताईंचं कंत्राट वाढलं नाही.

शेवटच्या संध्याकाळी त्यांना सोडायला खाली गेलो. दाराला त्यांचं कार्ड लागेना. दुपारीच बंद केलेलं. "बघ, या कामात कसे फास्ट आहेत," ताई हसल्या.

मी माझं नवं कार्ड लावलं. दार उघडलं. ताई बाहेर पडल्या, रिक्षाला हात केला आणि मागे न बघताच ओरडल्या, "पेढे आधी आईला दे रे!"

दार बंद झालं. मी आत होतो.